वहीत नसलेला एक

गोमाजीभाऊ,

तुम्हाला नेलं त्या दिवशी तुमच्या अंगणात जो तो तुमच्याबद्दल काही ना काही सांगत होता. भाऊचं जाळं ताटासारखं गोल पडायचं, भाऊनं कधी कोणाच्या हद्दीत मासोळी धरली नाही, भाऊ तळेगावच्या बाजारात शिळा मासा ताजा म्हणून विकायचा नाही. मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "बाई, तुमी त इतकी वर्सं यायच्या संगं तलावावर होत्या. सांगा दोन शब्द." मी मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. भरून आलंच होतं. पण तोंड उघडलं नाही ते लाजेनं. तुमच्याबद्दल चार लोकांत बोलायची संधी मला एकदा मिळाली होती, आणि तेव्हा मी काय बोलले ते तुम्हाला माहीत होतं.

आपली पहिली भेट आठवते का? मी आर्वीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारी, वर्ध्याच्या सरकारी क्वार्टरात वाढलेली. तलाव पाहिलेला तो सहलीत, तोही लांबून. काठच्या उथळ पाण्यात कुठल्या माशांची पिल्लं वाढतात, किती वाढतात, हे मोजायचं काम मी मोठ्या हौसेनं मागून घेतलं होतं. मच्छीमार सोसायटीच्या लोकांनी सांगितलं, पिल्लं ओळखणारा माणूस पाहिजे तर गोमाजीभाऊकडे जा. मी आले आणि तुमच्या दारात उभी राहून हाक मारली, "गोमाजी आहेत का?" नुसतं गोमाजी. वडिलांच्या वयाच्या माणसाला. तुम्ही नुसती खाट झटकून दिलीत. तिसऱ्या खेपेला तुमच्या घरच्या सुभद्राकाकूच म्हणाल्या, "बाई, तुमच्या वडलाच्या उमरीचे असतीन हे." तेव्हापासून भाऊ म्हणायला लागले. माझं शिक्षण असं उशिरा उशिरानं व्हायचं, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी एकदा, आषाढ ते कार्तिक. सकाळच्या पहिल्या बसनं मी उतरायची आणि तुम्ही दोघं काठावर तयार असायचात. मच्छरदाणीसारखं बारीक कापड, दोन टोकांना दोन बांबू. एक तुमच्या हातात, एक काकूंच्या. गुडघाभर पाण्यातून काठाकाठानं वीस पावलं चालायचं, मग दोघांनी एकदम कापड उचलायचं आणि त्यात जे अडकलं असेल ते पांढऱ्या टबात ओतायचं. तुम्ही टबाशी वाकून एकेक पिल्लू ओल्या ओंजळीत घ्यायचात, ओठातल्या ओठात मोजायचात, पाण्यात सोडायचात आणि शेवटी फक्त आकडा ओरडायचात. मी काठावर, छत्रीखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही घेऊन. "रोहू अकरा." लिहिलं. "कतला चार." लिहिलं.

पाण्यात मी पुन्हा उतरलेच नाही. पहिल्या दिवशी उतरले होते, तर चिखलात पाय घसरून बसकण मारली आणि पोटरीला जळू चिकटली. मी जी काही किंकाळी फोडली, ती ऐकून पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. तुम्ही हसू दाबत म्हणालात, "बाई, तुमी काठावरूनच लिवा. पान्यातलं आमी पाहून घेतो." मला ती सोय फार आवडली. पुढं सगळा हंगाम, आणि त्याच्या पुढचाही, मी काठावरूनच लिहीत राहिले. उतरले असते तर तुमच्या ओंजळीत काय आहे ते दिसलं असतं.

कारण एके दिवशी तुम्ही ओरडलात, "वाम लाभ."

मोजणीचे सहा कोपरे होते आपले. हे आमराईच्या कोपऱ्यात झालं. धरण व्हायच्या आधी तिथं आंब्याची झाडं होती, आता नुसते खुंट पाण्यातून डोकं वर काढतात आणि त्यांच्या आजूबाजूला पाणगवत माजतं. सापासारखी वळवळणारी वाम टबात दिसते का, म्हणून मी काठावरून मान उंच करून पाहिलं. तुम्ही टबाशी वाकलेले, तळहात रिकामा. निदान मला तरी रिकामा दिसला. मी विचारलं, "लाभ म्हणजे काय, भाऊ?" तुम्ही म्हणालात, "तसंच म्हनतेत, बाई. पान्यावर चांगलं म्हनाव."

बस. एवढं मला पुरलं. मी हुशार ना! मला लगेच सगळं उमगलं. आपल्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. डब्यातलं पीठ संपत नाही, तेही वाढतं. तसंच हे, मी मनात म्हटलं. मासा नसला तर हा माणूस "नाही" म्हणत नाही, "लाभ" म्हणतो. पोट ज्या पाण्यावर त्या पाण्यावर तोंडातून नकार काढत नाही. केवढी सुंदर गोष्ट! वहीत मी "लाभ" असंच लिहिलं आणि शेजारी कंसात शून्य काढलं. पुढं कंसही काढायचं सोडलं. घरी आल्यावर सगळी वही संगणकात भरली, तेव्हा जिथं जिथं "लाभ" होतं तिथं एक कळ दाबून शून्य केलं.

नागपूरला एका कार्यशाळेत मी हा किस्सा सांगितला, भाऊ. सांगितला कसला, रंगवला. माझा मच्छीमार शून्यालाही शुभ नाव देतो, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई डोळे पुसत माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, किती बारीक ऐकता हो तुम्ही. घरी येताना बसमध्ये मी त्या टाळ्या पुन्हा पुन्हा आठवत होते. हे आता लिहिताना कान तापले आहेत.

बारीक ऐकत असते तर एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळली असती. जो मासा टबात नसेल त्याचं तुम्ही नावच घेत नव्हता. माझ्या यादीत तेरा नावं, आणि तुम्ही हाक द्यायचात पाचांची, सहांची. उरलेली तुम्ही विसरता असं मी समजत होते आणि तिथं आपण होऊन रेघ मारत होते. मग "वाम लाभ" कशाला म्हणत होता? नसलेल्या वामीचं नाव कशाला घेत होता? एवढा साधा प्रश्न, माझ्या बारावीच्या पोरींनी विचारला असता. मी मात्र टाळ्या ऐकत बसले.

भांडायचोही आपण. तुम्हाला मोजणं पटत नव्हतं. "मोजल्यानं पिल्लायचं पोट भरते काय?" तुम्ही म्हणायचात. "तुमी आकडा सायबाले देसान. सायेब त्याचं काय करन?" मी म्हणायची, भाऊ, आकडा असला ना कागदावर, की त्या जागेला कोणी हात लावत नाही. तुम्ही बिडी पेटवत म्हणायचात, "आन् नसला त?" मी हसायची. हे आपलं भांडण तसंच राहिलं, अर्धवट. ते तुम्हीच जिंकलात, हे सांगायलाही मी आले नाही.

दुसरा हंगाम संपला आणि तालुक्याच्या कार्यालयात तलाव समितीची ती बैठक लागली. आमराईचा कोपरा साफ करून तिथं घाट बांधायचा, पोरासोरांसाठी नावा ठेवायच्या, गवत आणि खुंट मशीन लावून काढायचे, असा बेत होता. कोळ्या-धिवरांतून तुम्ही एकटेच आला होतात. दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, धुतलेला सदरा घालून, गुडघ्यावर हात ठेवून बसला होतात. साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, त्या कोपऱ्यात काही विशेष आहे का? सोडलेलं मत्स्यबीज तर सगळीकडेच आहे."

मी तक्ता उघडला. रोहू, कतला, मृगळ सोसायटीनंच सोडलेले, ते सगळीकडे होते. आपोआप वाढणारी, जपावी अशी एक वामच होती, आणि वामीच्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्य. मी म्हणाले, "नोंदीत तसं काही नाही, सर."

तुम्ही उठून उभे राहिलात. "हाये ना सायेब. वाम हाये. गवतात ठेवते थे पिल्लं. दर खेपीले हाये. म्या बाईले दर खेपीले सांगतलं. लाभ, लाभ म्हनून!"

समितीतला तो जाडसा गृहस्थ, ज्याचा नावांच्या ठेक्यावर डोळा होता, तो मागं रेलून म्हणाला, "कोनाचा लाभ, भाऊ? तुहा का तलावाचा?" सगळी खोली हसली. हसू मावळायच्या आत मी बोलले. तुम्हाला सावरून घेते आहे असं मला वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. मी म्हणाले, "सर, यांच्यात पाण्यावर 'नाही' म्हणत नाहीत. लाभ म्हणजे शून्यच. भाऊंना त्या कोपऱ्याचा लळा आहे, म्हणून बोलतात." साहेब म्हणाले, "अच्छा, इंटरेस्टिंग."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग खाली बसलात आणि म्हणालात, "बाईनं लिवलं थेच खरं."

मी त्याचा अर्थ कबुली असा घेतला, भाऊ. मनातून थोडी सुखावलेसुद्धा. चला, म्हातारा खोटं फार ताणत नाही.

उन्हाळ्यात मशीन आलं. आठवड्याभरात गवत गेलं, खुंट गेले, काठ दाढी केल्यासारखा गुळगुळीत झाला. घाट अर्धा झाला आणि थांबला, नावा काही आल्याच नाहीत. तिसऱ्या हंगामात आपण पुन्हा सहा कोपरे केले. तुम्ही आलात. मला अजून नवल वाटतं, तुम्ही का आलात! आमराईत कापड उचललंत, टब पाहिलात आणि काही न बोलता पुढं निघालात. सबंध हंगामात त्या कोपऱ्यावर तुम्ही "लाभ" म्हणालाच नाहीत. मी समजले, राग धरलाय. मी तर मैत्रिणीला म्हटलंही, भाऊ माझ्यावर रुसलेत, आता साधं लाभसुद्धा म्हणत नाहीत.

त्याच हंगामात कधीतरी, काठावर भाकरी खाताना, तुम्ही सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. "बाई, तुमच्या इकडं दाने मोजताना पयल्या मापाले काय म्हनतेत?" मी घाईत होते, माझी बस होती. म्हणाले, "आमच्याकडे पाकिटातले तांदूळ येतात हो भाऊ, मोजतंय कोण!" आणि आपल्याच विनोदावर हसले. काकूंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "मंग बराबर हाये." काय बरोबर आहे, हेही मी विचारलं नाही.

मग रोहण्याची गोष्ट. ही तुम्हाला कधीच सांगितली नाही. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीनं घरी बोलावलं होतं, तिचं रोहण्याला घर. अंगणात तुरीची रास पडली होती आणि तिचे वडील पायलीनं मापून पोत्यात भरत होते. मी खाटेवर चहा घेत बसले होते. त्यांनी पहिली पायली भरली, ओतली आणि म्हणाले, "लाभ." दुसरी ओतली. "दोन." तिसरी. "तीन."

मी विचारलं, "दादा, पहिली मोजली नाही का?"

"मोजली ना म्याडम. पयल्या पायलीले एक नाई म्हनत, लाभ म्हनतेत. एक म्हटलं का मंग एकटंच रायते ना थे. लाभ म्हटलं का मांगून दुसरं येते."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. ती मुलगी म्हणाली, मॅडम, साखर कमी झाली का? मी म्हटलं, नाही गं, छान आहे. त्यांच्या दारातून बस थांब्यापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही. घरी येऊन मी कपाटातून ती जुनी वही काढली, पाण्याचे डाग पडलेली. जमिनीवर बसून पहिल्या पानापासून पाहिली. दोन आहे. तीन आहे. अकरा, चार, सात, सतरा आहेत. दोन हंगामांच्या सबंध वहीत एक हा आकडा कुठंही नाही. एकदाही नाही. एवढ्या मोठ्या तलावात कुठलाच मासा कधीच एकटा सापडला नाही, असं माझी वही सांगत होती, आणि ते कुणालाच खटकलं नाही. तपासणाऱ्यांना नाही, मला तर नाहीच.

आणि आमराईची पानं. वाम लाभ. वाम लाभ. वाम लाभ. दर खेपेला. वाम एकेकटीच राहणारी, तिची पिल्लंही गवताच्या मुळांशी एकेक, काडीएवढी. तुम्ही दर खेपेला तिला ओल्या तळहातावर घेऊन, तोंड पाण्याकडे करून सोडत होतात आणि मला ओरडून सांगत होतात, एक आहे, आणि आणखी येवोत. मी काठावर छत्रीखाली बसून लिहीत होते, काही नाही.

मग तरी यावं ना धावत तुमच्याकडे! आले मी. तुम्हाला आठवत असेल, ऐन थंडीत, कारण नसताना. तुम्ही म्हणालात, "बाई, यंदा मोजनी नाई ना? मंग कशा आल्या?" मी म्हटलं, सहज. काकूंनी चहा केला. तुम्ही जाळं विणत बसला होतात. जीभ तीनदा दातांपर्यंत आली. चौथ्यांदा मी विचारलं, सूत कुठून आणता? निघताना तुम्ही पळसाच्या पानात झिंगे बांधून दिलेत, आणि मी ते घेतले. घरी नेऊन खाल्लेसुद्धा. चवीनं खाल्ले, हे खोटं कशाला बोलू.

दुसऱ्यांदा आले तेव्हा दारात पाहुणे होते. मला केवढं हायसं वाटलं! तिसऱ्यांदा तुम्ही दवाखान्यात होता. नळी लावलेली, आवाज खोल गेलेला. बोलायला याहून चांगली वेळ नव्हती आणि याहून वाईटही नव्हती. मी मनाला सांगितलं, आजारी माणसाला कशाला त्रास. किती सोयीचं असतं आजारी माणूस आजारी असणं! तुम्हीच बोललात. "बाई, तुमची वही हाये काय अजून?" मी म्हटलं, आहे भाऊ. तुम्ही म्हणालात, "जपून ठेवजा." मी हो म्हटलं, आणि संत्री खाटेजवळच्या स्टुलावर ठेवून निघाले.

मी भित्री आहे, भाऊ. जळूला भ्याले तशीच तुमच्या तोंडाला भ्याले. तुम्ही रागावले असतात तर सोसलं असतं. तुम्ही "जाऊ द्या बाई" म्हणाला असतात, त्याची भीती वाटत होती.

तुम्हाला नेल्यावर सहाव्या दिवशी मी वही घेऊन तुमच्या घरी गेले. काकू एकट्याच होत्या, परसात जाळी वाळत घातलेली. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. रोहणा, पायली, शून्य, टाळ्या, सगळं. रडलेही. काकू रडल्या नाहीत.

"त्यायले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तुमी सायबाले सांगतलं ना, लाभ म्हंजे काई नाई म्हनून? तठीच समजलं त्यायले. घरी आले आन् मले म्हनते, बाईले लाभ ठाऊकच नाई वो. शयरात वाढली. म्या म्हटलं, मंग बोलले काऊन नाई? त म्हनते, चार लोकाइत बाईची लाज कायले काढाची? मास्तरीन हाये, पोरी शिकते तिच्यापाशी."

काकू बोलत राहिल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला होता. "मले नाई पटलं थे. आजही नाई पटत. म्या म्हटलं, तुमी लाज झाकत बसले, तठी पिल्लायचं घर गेलं. त म्हनते, घाटाचा कागद आंधीच झाला होता. झाला असन. पन बोलाव त लागते ना मानसानं! भाकरी खाताना तुमाले थ्या मापाचं इचारलं त्यायनं, मले वाटलं आता समजन बाईले. तुमी हासल्या."

"चुकलं काकू," मी म्हणाले. "माफ करा."

"मले नोका सांगू." त्यांनी पदर खोचला. "मले कायले सांगता? मले त ठाऊकच हाये. जठी त्यायले खोटं पाडलं, तठी सांगा जा. मी येतो संगं."

तुम्ही माझी लाज राखलीत, आणि त्याच खोलीत, त्याच घटकेला मी तुमची काढली होती. वर तुम्हाला सावरून घेतलं म्हणून स्वतःची पाठ थोपटत घरी गेले होते. यापेक्षा मोठी लाज कशाची असेल, मला माहीत नाही. असेल तर ती मी अजून करायची आहे.

काल गेलो आम्ही. तेरवीच्या आधी झालं पाहिजे, असं काकूंचं म्हणणं होतं. समितीची महिन्याची बैठक होती. साहेब नवे आहेत. तो जाडसा गृहस्थ मात्र तोच, थोडा आणखी जाड. काकू आत आल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. तुमची खुर्ची तीच होती का, हे मला कोणी सांगू नये.

मी उभी राहिले. वही टेबलावर ठेवली. म्हणाले, याच खोलीत मी श्री. गोमाजीभाऊंना खोटं पाडलं होतं. ते खरं बोलत होते. चूक माझ्या कानांची होती आणि शहाणपणाची होती. मग आमराईची पानं वाचायला घेतली, एकेक खेप. वाम लाभ. वाम लाभ. दोन-तीन पानं झाल्यावर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. तो गृहस्थ म्हणाला, "मॅडम, तो कोपरा तर केव्हाच साफ झाला. आता याचं काय?" खरं आहे. याचं आता काही नाही. गवत परत येत नाही, खुंटही नाहीत. आज तुम्ही असतात आणि तिथं मोजलं असतं, तर वामीचं नावसुद्धा घेतलं नसतं. मी म्हटलं, "याचं काही नाही, साहेब. पण वही दुरुस्त करायची आहे." आणि पुढचं पान वाचलं.

शेवटपर्यंत वाचलं. वळून काकूंकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.

साहेबांनी लिपिकाला सांगितलं, मॅडमची दुरुस्ती नोंदवून घ्या. तो तरुण, शहरातला असावा. त्यानं जुना तक्ता समोर ओढला, वामीच्या ओळीतल्या पहिल्या शून्यावर पेन टेकवलं आणि मान वर केली. "पण मॅडम, लाभ म्हणजे किती लिहू?"

मी वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. खोली माझ्याकडे पाहत होती. तेवढ्यात दाराजवळून सुभद्राकाकूंचा आवाज आला, मोठा, तुम्ही पाण्यातून हाक द्यायचात तसा.

"बाईले इचारा. बाईले आता येते."

"एक," मी म्हणाले, आणि त्यानं तो लिहिला.